न रंगवलेले ठिपके

नमस्कार श्रोतेहो.

फोनवर एखादा जड गेम लावला, की थोड्या वेळात फोनची पाठ तापते आणि मघापर्यंत सरळ धावणारं चित्र अडखळायला लागतं. हा अनुभव तुम्हा सगळ्यांना आहे. चिप जास्त तापू नये म्हणून फोन आपणहून वेग उतरवतो. फोन आणि टॅबलेटच्या ग्राफिक्स चिपमध्ये, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणाऱ्या चिपमध्ये, येत्या काळात जे बदल येऊ घातलेत, ते जवळजवळ सगळे या तापण्याशी बांधलेले आहेत.

आकडे ऐका. पडदा १०८० गुणिले २४०० ठिपक्यांचा असेल, तर एका चित्रात जवळपास २६ लाख ठिपके. सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे सेकंदाला साडेपंधरा कोटी ठिपके रंगवायचे. आता १२० चित्रांचे पडदे आलेत, म्हणजे एकतीस कोटी. टेबलावरच्या कॉम्प्युटरमधलं मोठं ग्राफिक्स कार्ड चारशे वॉटच्या पुढेही वीज घेतं, त्याला पंखे असतात. फोनला पंखा नाही, त्याला थोड्याशा वॉटमध्ये भागवायचंय. बरं, ही वीज नुसत्या आकडेमोडीत जात नाही. चिपमधून बाहेरच्या मेमरीत माहिती नेण्या-आणण्यात तिचा मोठा वाटा खर्च होतो. एवढं ध्यानात ठेवा: मेमरीच्या फेऱ्या म्हणजे वीज, आणि वीज म्हणजे उष्णता.

आणि इथे मला एक गोष्ट सांगायचीच आहे.

१९९० च्या दशकात इंग्लंडमध्ये व्हिडिओलॉजिक नावाची कंपनी होती. त्या काळातली ग्राफिक्स कार्डं वस्तू येतील त्या क्रमानं रंगवत जायची. आधी झाड आलं, झाड रंगवलं. मग त्याच्यापुढे भिंत आली, झाडावरच भिंत रंगवली. म्हणजे झाडाची मेहनत वाया. व्हिडिओलॉजिकच्या इंजिनिअरांनी विचार केला, की जिथे कपाट ठेवायचंय तिथली भिंत रंगवायचीच कशाला? त्यांनी पडद्याचे छोटे चौकोनी तुकडे पाडले. एकेका तुकड्यात पुढे काय आणि मागे काय ते आधी ठरवायचं, जे दिसणार तेवढंच रंगवायचं. हे सगळं चिपच्या पोटातच उरकायचं आणि तुकडा पुरा झाला की मेमरीकडे एकच फेरी मारायची. या पद्धतीच्या चिपचं नाव पॉवरव्हीआर.

कॉम्प्युटरच्या बाजारात तिचं फारसं जमलं नाही. तिथे थ्रीडीएफएक्स या दुसऱ्या कंपनीच्या कार्डांचा दबदबा होता. विजेची चिंता कुणाला नव्हती, भिंतीत प्लग होता.

मग सेगा ही गेमवाली कंपनी नव्या यंत्रासाठी चिप शोधत होती. तिच्याकडे एकाच वेळी दोन आराखडे चालू होते, अमेरिकेतला थ्रीडीएफएक्सच्या चिपवर, जपानमधला पॉवरव्हीआरवर. १९९७ साली सेगानं पॉवरव्हीआर निवडली, आणि थ्रीडीएफएक्स थेट कोर्टात गेली! नोव्हेंबर १९९८ मध्ये जपानमध्ये सेगाचं हे नवं यंत्र, ड्रीमकास्ट, बाजारात आलं. त्यातली चिप पडद्याचे ३२ बाय ३२ ठिपक्यांचे तुकडे पाडून काम करायची. यंत्र फार देखणं चालायचं. पण २००० मध्ये सोनीचं गेमचं यंत्र प्लेस्टेशन टू आलं, आणि जानेवारी २००१ मध्ये सेगानं ड्रीमकास्टचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं.

कुणालाही वाटलं असतं, संपलं. पण व्हिडिओलॉजिक कंपनीनं तोवर इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज हे नाव घेतलं होतं, आणि स्वतः चिपा विकण्याऐवजी चिपचे आराखडे परवान्यावर देण्याचा मार्ग धरला होता. बॅटरी इवलीशी, मेमरी सगळ्यांना मिळून एकच, आणि पंखा नाही, अशा यंत्राला नेमकं काय लागतं, तेच यांच्याकडे तयार होतं. २००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये पॉवरव्हीआर होती. आज फोनमध्ये असणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांच्या ग्राफिक्स चिपाही बघा: आर्म कंपनीची माली तुकड्यातुकड्यांनीच चित्र काढते. क्वालकॉम कंपनीची अॅड्रिनोही तुकडे पाडते. एप्रिल २०१७ मध्ये आयफोनवाल्या अॅपलनं इमॅजिनेशनला कळवलं, की दोनेक वर्षांत आम्ही तुमचे आराखडे वापरणं बंद करू. एका दिवसात कंपनीचा शेअर निम्म्याहून खाली कोसळला. आणि अॅपलनं स्वतःची चिप बनवली ती कशी? तुकडे पाडून, दिसेल तेवढंच रंगवणारी! २०२० च्या जानेवारीत अॅपलनं इमॅजिनेशनशी पुन्हा परवान्याचा करारही केला.

मला मनापासून वाटतं, इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात बाजारात हरलेल्या यंत्रांवर एक अख्खा विषय असावा. नुसत्या जिंकलेल्यांचा इतिहास शिकून मुलांना काय कळणार?

तर आता पुढचं. दिसत नाही ते रंगवायचं नाही, हे जमलं. आता दिसतं तेही सगळं रंगवायचं नाही, असं चाललंय. आर्मनं ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं, की ग्राफिक्स चिपच्या आतच न्यूरल गणितासाठी, म्हणजे उदाहरणांवरून शिकवलेल्या एआयच्या आकडेमोडीसाठी, वेगळे भाग बसवणार, आणि ते २०२६ पासून येणार. चिप चित्र ५४० ओळींचं काढेल, आणि शिकवून तयार केलेलं हे न्यूरल जाळं त्याचं १०८० ओळींचं करेल. म्हणजे रंगवायचे ठिपके फक्त पाव. पुन्हा सांगतो, फक्त पाव! बाकीचे तीन हिस्से अंदाजानं भरायचे. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे याला एका चित्रामागे ४ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एकेका चित्राला साडेसोळा मिलिसेकंद मिळतात, त्यात हे बसतं. १२० चित्रांत मात्र निम्मा वेळ यातच जाईल. अॅपलनंही सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या ए१९ चिपच्या प्रत्येक ग्राफिक्स कोअरमध्ये न्यूरल भाग घातला.

दोन खऱ्या चित्रांच्या मधे एक अंदाजाचं चित्र घालायची युक्तीही फोनवर वाढत जाणार. डोळ्याला गुळगुळीत वाटतं, पण बोट लावल्यावर मिळणारा प्रतिसाद त्यानं जलद होत नाही. जाहिरातीत मोठा आकडा दिसेल तेव्हा हे आठवा.

रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशाच्या किरणांचा माग काढून खऱ्यासारख्या सावल्या नि प्रतिबिंबं दाखवणं, फोनमध्ये २०२२ पासून आहे. सॅमसंगच्या एक्झिनॉस २२०० या चिपमध्ये ते एएमडी या चिप कंपनीच्या आराखड्यातून आलं. खरं तर इमॅजिनेशननं २०१४ मध्येच असा मोबाइल आराखडा मांडला होता! किरण महाग पडतात, म्हणून थोडेच सोडायचे आणि चित्रातला दाणेदारपणा न्यूरल भागाकडून पुसून घ्यायचा, अशी पुढची दिशा आहे.

जाता जाता एक बोलतो. फोन पातळ करायची ही स्पर्धा थांबायला हवी. उष्णतेला पसरायला जागा लागते. दोन मिलिमीटर जास्त जाड फोन मी आनंदानं खिशात ठेवीन, बॅटरी मोठी मिळेल ती वेगळीच. आणि मागच्या बाजूला काच लावण्याचं तर काहीच कारण नाही.

पुढचा फोन किंवा टॅबलेट घ्याल, तेव्हा ग्राफिक्सचा पहिल्या मिनिटाचा गुण पाहू नका. ग्राफिक्सचा वेग मोजणाऱ्या थ्रीडीमार्क या अॅपमध्ये वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्ट नावाची चाचणी आहे. ती तेच दृश्य वीस वेळा, सलग वीस मिनिटं पळवते. नव्या फोनच्या परीक्षणात तिचा निकाल शोधा, आणि पहिल्या फेरीच्या गुणाशेजारी सगळ्यात कमी गुण किती आहे ते बघा. त्यातून कळेल, की तापल्यावर तो फोन किती टिकतो.