उफराटी माणसं आणि 'मॅनेज' पेपर

(सोलापुरातल्या एका उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून उतरवून, पुनरुक्ती काढून इथे देत आहोत.)

मंडळी, बाहेर अजून झळा आहेत आणि आत पंख्यांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे. मागे ऐकू आलं नाही तर हात वर करा.

गेल्या महिन्यात सोमवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला निघालो होतो. शेजारी भाचा. हिंजवडीत नोकरी करतो, दोन दिवस आईच्या हातचं जेवतो आणि सोमवारी परततो. त्या डब्यातली निम्मी पोरं तशीच असतात, पाठीवर लॅपटॉप आणि हातात शेंगाचटणीची पिशवी. मी सवयीनं पेपर उघडला. तो म्हणाला, "मामा, कशाला वाचता? सगळे मॅनेज असतेत." मी म्हटलं, सगळे? "सगळे." मग तुला बातम्या कुठून कळतात? त्यानं फोन पुढे केला. कुणी अमेरिकन गुंतवणूकदार तीन तासांच्या पॉडकास्टमध्ये सांगत होता की पत्रकारितेचे दिवस संपले.

मी तीस वर्षं पेपरात उपसंपादक होतो. लागलं मला, खोटं कशाला बोलू. पण कुर्डुवाडीला चहा घेताना लक्षात आलं की हे वाक्य मला नवं नाही. आपल्या पूर्व भागात यंत्रमागावर उभा असलेला माणूसही 'पेपरवाले विकले गेलेत' म्हणतोच की. फरक इतकाच की त्याची ती शिवी असते, दुसऱ्या दिवशी तोच मागून पेपर वाचतो. भाच्याकडे शिवी नव्हती, सिद्धांत होता. तो सिद्धांत आला कुठून, एवढंच मला आज सांगायचं आहे.

सगळ्यांच्या उलट मत धरणाऱ्यांना इंग्रजीत कॉन्ट्रेरियन म्हणतात, मी त्यांना उफराटे म्हणतो. शब्द हिणवण्यासाठी नाही. उफराट्या माणसांवाचून समाजाचं चालत नाही.

2007 साली कॅलिफोर्नियातल्या कर्टिस यार्विन नावाच्या प्रोग्रॅमरनं 'मेन्शस मोल्डबग' या टोपणनावानं इंटरनेटवर लांबलचक निबंध लिहायला सुरुवात केली. लांब म्हणजे किती? आपले काही अध्यक्षीय समारोप त्यापुढे आटोपशीर वाटतील. त्याचं म्हणणं असं, की अमेरिकेत खरी सत्ता निवडून आलेल्यांकडे नाही. ती मोठी विद्यापीठं आणि मोठी वर्तमानपत्रं यांच्याकडे आहे. या जोडीला त्यानं नाव दिलं 'कॅथीड्रल', म्हणजे मोठं चर्च. त्यातली चलाखी बघा. तो म्हणतो, हा कट नाही. याचं कुठे मुख्य कार्यालय नाही, कुणी हुकूम सोडत नाही. तरीही सगळे एकच प्रवचन देतात, कारण तसं बोलणाराच तिथे वर चढतो.

कटाचा आरोप तपासता येतो हो. कोण, कुठे, केव्हा भेटले, पुरावा दाखव. पण कट नसलेला कट कसा तपासणार? पेपरनं एखादी बातमी दिली तर ते प्रवचन. तीच बातमी चुकली म्हणून माफी मागितली, तर तो प्रवचनकाराचा साळसूदपणा. काहीही घडलं तरी सिद्धांत शाबूत.

उपाय काय, तर राज्य एखाद्या कंपनीसारखं चालवा. वर एक मुख्याधिकारी, त्याला पूर्ण अधिकार, आणि सगळे सरकारी नोकर घरी. याच यार्विननं 'अर्बिट' नावाची संगणकप्रणालीही रचायला घेतली होती. आजची सगळी व्यवस्था किचकट झाली, तेव्हा पार तळापासून नव्यानं लिहू, ही तिची कल्पना. 2013 मध्ये त्यासाठी कंपनी काढली, तिच्यात अब्जाधीश गुंतवणूकदार पीटर थील यांच्या गुंतवणूक संस्थेचा पैसा आला. संगणक पुसून नवा लिहायचा आणि राज्यही पुसून नवं लिहायचं. ही दोन वेडं एकाच डोक्यातली आहेत, आणि इंजिनिअरला ती का पटतात हे मला भाच्याकडे बघून कळतं. दुसऱ्यानं लिहिलेला जुना कोड हातात आला की त्याचं पहिलं वाक्य असतं, हे फेकून देऊन नव्यानं लिहिलं तर लवकर होईल. त्या जुन्या कोडमधली प्रत्येक विचित्र ओळ कधीतरी कुणाच्या तरी अडचणीमुळे आलेली असते, हे नंतर कळतं.

2015 साली एका संगणक परिषदेनं यार्विनचं भाषण ठरवलं, मग त्याची राजकीय मतं कळल्यावर निमंत्रण मागे घेतलं. बोलणार होता संगणकावर. त्याला इतकी प्रसिद्धी त्याच्या निबंधांनीही दिली नसेल. पुढे 2021 मध्ये जे. डी. व्हान्स यांनी एका मुलाखतीत त्याचं नाव आदरानं घेतलं. तेच व्हान्स आज अमेरिकेचे उपाध्यक्ष.

आता थील. इंटरनेटवरून पैसे पाठवणाऱ्या पेपाल कंपनीचे एक संस्थापक, फेसबुकमध्ये अगदी सुरुवातीला पैसे घालणारे. व्हान्स यांच्या 2022 च्या सिनेट निवडणुकीत त्यांनी सुमारे दीड कोटी डॉलर ओतले. 2009 मध्ये त्यांनी लिहिलं की स्वातंत्र्य आणि लोकशाही एकत्र नांदू शकतात यावर आपला आता विश्वास नाही. नोकरीच्या मुलाखतीत त्यांचा एक आवडता प्रश्न असे: असं कोणतं महत्त्वाचं सत्य आहे, जे तुम्हाला पटतं पण फार थोड्यांना पटतं? प्रश्न सुरेख आहे. धंद्यात तर सोन्यासारखा, कारण सगळ्यांना दिसलेल्या संधीत नफा उरत नाही. पण हाच प्रश्न राजकारणात नेला की थोड्यांना पटणं हाच खरेपणाचा पुरावा होऊन बसतो.

थील यांची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. 2007 मध्ये गॉकर नावाच्या वृत्तसमूहानं ते समलिंगी असल्याचं त्यांच्या मर्जीशिवाय छापलं. ही पत्रकारिता नव्हे, हा दुसऱ्याच्या घरात डोकावण्याचा प्रकार. पुढे त्याच समूहानं कुस्तीगीर हल्क होगन याची खासगी चित्रफीत प्रसिद्ध केली. (समोर चाळिशीतले बरेच दिसतात. होय, पत्त्यांच्या कार्डांवरचा तोच पिवळ्या मिशांचा होगन!) होगननं दावा लावला. मार्च 2016 मध्ये फ्लोरिडातल्या ज्यूरीनं 14 कोटी डॉलरची भरपाई ठरवली, जूनमध्ये कंपनीनं दिवाळं जाहीर केलं. आणि मे महिन्यात बाहेर आलं की होगनच्या वकिलांचा खर्च गुपचूप थील करत होते. नंतर तडजोड 3 कोटी 10 लाखांवर झाली, पण तोवर गॉकर बंद पडलं होतं.

गॉकर बंद पडल्याचं मला दुःख नाही. मला धसका आहे तो त्या 'गुपचूप'चा. स्वतःच्या नावानं, स्वतःच्या अपमानाचा दावा केला असता तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. इथे नऊ वर्षं राग जपून, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून एक अख्खा समूह संपवता येतो, हे साऱ्या सिलिकॉन व्हॅलीनं पाहिलं.

आपल्याकडचा उफराटा आठवा. आगरकरांनी मतभेद झाल्यावर केसरी सोडला आणि 1888 मध्ये सुधारक काढला, त्याच पुण्यात, त्याच लोकांसमोर. 'इष्ट असेल ते बोलणार' म्हणाले आणि बोलले. लोकांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. टोपणनावाआड राहिले असते तर कुणाची काढली असती?

पण भाच्याची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हे व्याख्यान म्हणजे निवृत्त पत्रकाराचं रडगाणं होईल. एका रात्री आमच्याकडे फोन आला, अमुक व्यापाऱ्याच्या गोदामाला आग. बाराचा सुमार, पान सुटायची घाई. मी बातमी लावली, पहिल्या पानावर, नावासकट. आग लागली होती ती शेजारच्या गोदामाला. सकाळी तो व्यापारी घडी घातलेला पेपर घेऊन कार्यालयात आला. ओरडला नाही. म्हणाला, "सुताचा माल उधारीवर घेतो हो मी. आता कोण देईल?" आम्ही खुलासा छापला. चार ओळी, सातव्या पानावर, निविदा सूचनेच्या खाली.

मोठ्यांचंही तेच. इराकमध्ये महासंहारक अस्त्रं असल्याच्या बातम्या न्यूयॉर्क टाइम्सनं पहिल्या पानावर दिल्या होत्या. 2004 च्या मे महिन्यात त्यांनी चूक कबूल केली, ती आतल्या दहाव्या पानावर. गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत माध्यमांवर भरवसा असलेले अमेरिकन 1976 मध्ये 72 टक्के होते, 2024 मध्ये 31. ही घसरण यार्विननं लिहायला बसण्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. त्यानं विहीर खणली नाही, आयत्या विहिरीवर मोट लावली.

शिवाय पैशाचं बघा. अमेरिकन वर्तमानपत्रांचं जाहिरात उत्पन्न 2005 मध्ये सुमारे 49 अब्ज डॉलर होतं, 2020 पर्यंत ते दहा अब्जांच्या खाली आलं. छोट्या जाहिराती इंटरनेटनं नेल्या, मोठ्या गुगल-फेसबुकनं. वार्ताहर कमी झाले, चुका वाढल्या. ज्यांनी घराच्या तुळया नेल्या तेच आता विचारतात, छप्पर का गळतं?

आणि 'सगळे' म्हणणाऱ्या भाच्याला मी थेरॅनोसची गोष्ट सांगितली. रक्ताच्या एका थेंबात शेकडो चाचण्या करतो म्हणणारी कंपनी. संचालक मंडळावर हेन्री किसिंजर, जॉर्ज शुल्ट्झ यांच्यासारखे अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री. ऑक्टोबर 2015 मध्ये जॉन कॅरीरू या बातमीदारानं वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये ते बिंग फोडलं. त्या पेपराचे मालक रूपर्ट मर्डॉक. आणि मर्डॉक यांचे स्वतःचे साडेबारा कोटी डॉलर थेरॅनोसमध्ये अडकलेले! कंपनीच्या संस्थापिका एलिझाबेथ होम्स यांनी बातमी थांबवा म्हणून त्यांची मनधरणी केली. त्यांनी हात घातला नाही, बातमी आली, पैसे बुडाले. मर्डॉक काही साधुसंत नव्हेत, त्यांच्या इतर वाहिन्यांबद्दल मी चहाच्या वेळी बोलेन. पण 'मॅनेज'च्या हिशेबात ही बातमी कुठल्या रकान्यात मांडायची? भाचा म्हणाला, "अपवाद असेल." आपल्याकडेही 2009 च्या निवडणुकीतलं पेड न्यूजचं प्रकरण बाहेर काढलं ते पी. साईनाथांसारख्या पत्रकारांनीच. दुसरा अपवाद.

आपण चादरीच्या गावचे लोक. जेकार्डची चादर घेताना जाणता माणूस ती उजेडात धरतो, काठ उलटून बघतो, पाण्यात रंग जातो का विचारतो, आणि मग म्हणतो, ही नको, ती दाखव. सगळ्या चादरी खोट्या असं तो म्हणत नाही, कारण रात्री पांघरायचं असतं. बाय द वे, मागावर टांगलेली ती भोकाभोकांची पुठ्ठ्याची कार्डं कॉम्प्युटरच्या पंच कार्डांची पूर्वज आहेत. भाच्याला हे माहीत नव्हतं. त्याची आजी त्या मागाखालचा कचरा झाडत असे.

शेवटचा मुद्दा. बालाजी श्रीनिवासन हे भारतीय वंशाचे गुंतवणूकदार आमच्या भाच्याचे लाडके. 2013 मध्ये त्यांनी तरुण उद्योजकांसमोर एक भाषण केलं, विषय 'एक्झिट'. बिघडलेली व्यवस्था दुरुस्त करत बसू नका, बाहेर पडा, आपली वेगळी उभारा. पेपर वाईट? आपला पॉडकास्ट काढा. देश वाईट? आधी इंटरनेटवर माणसं जमवा, मग जमीन बघा. ऑक्टोबर 2022 मध्ये इलॉन मस्क यांनी 44 अब्ज डॉलरला ट्विटर घेतलं, आणि 2024 च्या निवडणुकीनंतर वापरणाऱ्यांना सांगितलं, आता तुम्हीच माध्यम. तुम्हीच माध्यम, पण कुणाचं लिखाण किती जणांना दिसेल हे ठरवणारं यंत्र मालकाच्या घरात.

श्रीनिवासन यांनी त्या भाषणात अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाचा आधार घेतला. 1970 मध्ये हर्शमननं मांडलं होतं की संस्था बिघडली की माणसापुढे दोन वाटा असतात, सोडून जायचं किंवा बोलून दाखवायचं. पण त्यानं आणखी एक सांगितलं होतं, ते मात्र सोयीनं मागे पडतं. ज्यांच्या बोलण्याला वजन आहे तेच आधी सोडून गेले, तर बोलायला उरतात ते ज्यांचं कुणी ऐकत नाही.

सोलापूरकराला हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. ज्याच्याकडे पैसे आहेत तो टँकर मागवतो, बोअर पाडतो. तो त्या दिवसापासून पाण्याच्या सभेला येत नाही. मग सभेला कोण असतं? घागरी घेतलेल्या बायका आणि आमच्यासारखे चार म्हातारे.

दौंड गेल्यावर भाचा म्हणाला, "मामा, एवढं असेल तर मी कुठला पेपर वाचू?" मी त्याला उलट विचारलं, आपण बसलोय त्या गाडीचं नाव कुणावरून आहे? चार हुतात्मे, हे त्याला ठाऊक होतं. पुतळ्यांजवळून रोज शाळेत गेलेला मुलगा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 12 जानेवारी 1931, येरवडा. पण कुर्बान हुसेन पत्र चालवत, 'गझनफर' नावाचं, हे त्याला नवं होतं. गझनफर म्हणजे सिंह. त्यानं लगेच फोनवर शोधायला घेतलं. मग म्हणाला, "तो पेपर तरी मॅनेज नसेल." आणि स्वतःच हसला.

बोलायचं बरंच राहिलं, पण मागच्या रांगेतले चार-पाच जण घड्याळ बघत उठले आहेत. आज त्यांच्याकडे पाण्याची पाळी असणार. जाऊ द्या त्यांना, दार उघडा.