ऐकायचं अंतराळ

(दृश्य : काळा पडदा. जुन्या ध्वनिमुद्रणाची खरखर.)

30 ऑक्टोबर 1938. अमेरिकेत रविवारची रात्र. सीबीएस रेडिओवर एका हॉटेलातल्या बँडचं संगीत चाललंय. मध्येच ते थांबवून बातमी दिली जाते : मंगळावर स्फोट दिसलेत. पुन्हा संगीत. पुन्हा बातमी. न्यू जर्सीतल्या ग्रोव्हर्स मिल गावात, एका शेतात, आकाशातून काहीतरी पडलंय. वार्ताहर तिथं पोचतो. तो बोलत राहतो, मागं लोकांचा आरडाओरडा वाढत जातो, आणि वाक्याच्या मधोमध त्याचा आवाज तुटतो.

मग काहीच नाही. रेडिओ नुसता गप्प.

विज्ञानकथेतला माझा सगळ्यात आवडता क्षण हाच. हे सादर करणारा ऑर्सन वेल्स तेव्हा 23 वर्षांचा होता. एच. जी. वेल्स यांच्या 1898 च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरीचं हे नभोनाट्य. वार्ताहर झालेला नट फ्रँक रेडिक यानं त्याआधी हिंडेनबर्ग हे हवाई जहाज जळतानाचं प्रत्यक्ष वर्णन ध्वनिमुद्रणावर ऐकून घेतलं होतं. भीती कशी बोलते, हे तो तिथून शिकला. देशभर हाहाकार उडाला, अशा बातम्या दुसऱ्या दिवशी छापून आल्या. त्या बऱ्याच फुगवलेल्या होत्या, असं आता अभ्यासक सांगतात. मला त्या हाहाकाराचं फारसं काही नाही. मी परत परत ऐकतो ती आवाज तुटल्यानंतरची शांतता.

(दृश्य : कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर, कारखान्यांची वस्ती. सकाळ. शटर वर जातात. धातू कातायची यंत्रं, लेथ, सुरू होतात.)

मी कोल्हापूरचा. आमच्या आधीच्या पिढीनं सांगली आकाशवाणीवर श्रुतिका, म्हणजे रेडिओवरची छोटी नाटकं, ऐकल्या. आवाजावरून माणूस, घर, पाऊस, बैलगाडी ओळखायची सवय या भागाला आहे. मी तोच कान घेऊन दुसरीकडं गेलो. विज्ञानकथा ही आधी ऐकायची गोष्ट आहे, असं माझं ठाम मत आहे. पडद्यावर यान दाखवायला कोट्यवधी रुपये लागतात, आणि दहा वर्षांनी ते यान जुनं दिसतं. रेडिओवर दोन माणसं, एक पत्र्याचा घुमणारा आवाज आणि यंत्राची घरघर एवढ्यावर यान उभं राहतं. ते जुनं होत नाही, कारण ते ऐकणारा बांधतो.

माझी सगळ्यात लाडकी मालिका ‘एक्स मायनस वन’. अमेरिकेच्या एनबीसी रेडिओवर 1955 ते 1958 या काळात चालली. प्रत्येक भागाची सुरुवात यान सुटण्याआधीच्या उलट मोजणीनं. लक्षात घ्या, मालिका सुरू झाली तेव्हा माणसानं एकही उपग्रह सोडलेला नव्हता. ती चालू असतानाच, 4 ऑक्टोबर 1957 ला, स्पुटनिक गेला आणि जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांनी त्याचं खरं ‘बीप बीप’ पकडलं. कल्पनेतलं अंतराळ आणि खरं अंतराळ एकाच वेळी रेडिओवर! त्या दिवसांत जे कुणी हे दोन्ही ऐकत बसले असतील, त्यांचा मला मनापासून हेवा वाटतो.

त्यातला ‘द कोल्ड इक्वेशन्स’ हा भाग जरूर ऐका. मूळ कथा टॉम गॉडविन यांची, 1954 ची. साथीवरचं औषध घेऊन एक छोटं यान दूरच्या ग्रहाकडं निघालंय. इंधन एकट्या वैमानिकाच्या वजनापुरतं मोजून भरलेलं. आणि आत एक मुलगी लपून बसलीय. तिला भावाला भेटायचंय. सापडलो तर दंड भरू, एवढंच तिच्या डोक्यात. पुढचं सांगत नाही. जवळजवळ सगळा भाग म्हणजे एका खोलीत बोलणारे दोन आवाज.

उद्यमनगरात माझा एक मित्र लेथवर काम करतो. दुपारच्या सुट्टीत मी त्याला हा भाग ऐकवला, थांबवत थांबवत, मराठीतून सांगत. ऐकून तो म्हणाला, “आरं भावा, एवढं यान बांधलं आन् इंधनाला जरा मार्जिन ठेवलं न्हाई व्हय? आमी साधा बोल्ट करताना ठेवतोय की!” ही कथा छापून आल्यापासून वाचक नेमकं हेच विचारत आलेत. मला त्याचं म्हणणं पटतं. गणित निर्दयी नव्हतं, गणित मांडणारे निष्काळजी होते. पण शेवट होईपर्यंत त्यानं हातातला चहा प्यायला नाही, हेही मी पाहिलं.

रे ब्रॅडबरी यांच्या ‘देअर विल कम सॉफ्ट रेन्स’ या कथेचं नभोनाट्य ‘डायमेन्शन एक्स’ या मालिकेत 1950 साली झालं. एक स्वयंचलित घर. ते सकाळी उठवतं, न्याहारी बनवतं, तारीख सांगतं. घरात माणूस मात्र एकही उरलेला नाही. अणुयुद्धात सगळे गेलेत, आणि घर त्यांच्याशी बोलतच राहतं. ‘द मार्शन क्रॉनिकल्स’ या पुस्तकात या कथेवर महिना आहे ऑगस्ट 2026. आज आपल्या घरांत बोलणारी यंत्रं आली आहेत, त्यामुळं हे ऐकताना पूर्वीपेक्षा जास्त धसका बसतो.

बीबीसीची ‘जर्नी इन्टू स्पेस’ 1953 ची, चार्ल्स चिल्टन यांची. संथ आहे, पण चंद्रावरचा एकटेपणा तिच्याइतका कुणी ऐकवलेला नाही. ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ आधी रेडिओवर आलं, मार्च 1978 मध्ये, आणि पुस्तक नंतर, हे अनेकांना ठाऊक नसतं.

(दृश्य : मंगळाची लाल जमीन. अगदी हलका वारा.)

या जुन्या नाटकांत मंगळावर वारा घोंघावतो. खरा वारा आता आपल्याला ऐकता येतो. 2021 मध्ये उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स गाडीवर मायक्रोफोन आहेत. तिथली हवा इतकी विरळ की आवाज फार क्षीण येतो, आणि तो सेकंदाला सुमारे 240 मीटर वेगानं जातो. आपल्याकडं हाच वेग 340 च्या आसपास. त्यातही उंच स्वर खालच्या स्वरांच्या जरासे आधी पोचतात. विचार करा, मंगळावर दूर कुणी गायला बसलं, तर तान विस्कटून कानावर येईल!

(दृश्य : करवीर नगर वाचन मंदिर. पुस्तकांची कपाटं.)

1850 पासून कोल्हापूरला वाचायला देणारी ही संस्था. इथं बसलं की वाचन आपोआप सावकाश होतं.

अलीकडं वाचलेल्यांत मनात घर करून बसलं ते अँडी वीअर यांचं ‘प्रोजेक्ट हेल मेरी’, 2021 चं. अंतराळात एकट्या पडलेल्या माणसाला दुसऱ्या ताऱ्याकडचा एक जीव भेटतो. त्याला डोळे नाहीत. तो आवाजानं आजूबाजूचं जग ओळखतो आणि स्वरांनी बोलतो. पेटीच्या दोन-तीन पट्ट्या एकदम दाबाव्यात तसे त्याचे शब्द. आपला नायक संगणकावर त्या स्वरांची कंपनं वेगळी काढतो आणि एकेक शब्द जुळवत कोश तयार करतो. शाहू महाराजांच्या पदरी अल्लादिया खाँसाहेब ज्या गावात गायले, तिथल्या वाचकाला ही कल्पना लगेच भिडते. विज्ञानाची गणितं पुस्तकात भरपूर आहेत, कधी कधी जास्तच. मैत्री मात्र नुसत्या ऐकण्यातून घडते. लिऊ त्सिशिन यांचं ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ही वाचलं. कल्पना अफाट, माणसं कोरडी.

आणि मग शास्त्रज्ञ आणि विज्ञानकथालेखक जयंत विष्णू नारळीकर. 19 जुलै 1938 ला ते या कोल्हापुरात जन्मले, 20 मे 2025 ला पुण्यात गेले. ती बातमी आल्यावर मी त्यांची पुस्तकं पुन्हा काढली : ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात होती. पहिलं बक्षीस मिळालं. जगन्मान्य शास्त्रज्ञानं नवख्या लेखकाच्या रांगेत उभं राहून आपली कथा तपासून घ्यावी, याचं मला आजही भरून येतं.

नारळीकरांचं मराठी मोठ्यानं वाचून पाहा. वाक्यं छोटी, सरळ, बोलता येतील अशी. अशा कथा श्रुतिका म्हणून ऐकायला मिळाव्यात, ही माझी फार दिवसांची ओढ आहे.

कृष्णविवर (ज्याच्या ओढीतून प्रकाशही सुटत नाही, ते) म्हटलं की सगळ्यांना चित्र आठवतं. मला आवाज सुचतो. एक यान कृष्णविवराकडं पडत चाललंय आणि दर सेकंदाला एक संकेत पाठवतंय. यानातल्या माणसाला सगळं नेहमीसारखंच. पण लांबून ऐकणाऱ्याला दोन संकेतांमधलं अंतर वाढत गेलेलं कळतं, आणि स्वरही खाली खाली उतरत जातो. हे खरं भौतिकशास्त्र आहे, आइनस्टाइनच्या सापेक्षतेतून आलेलं. पडद्यावर ते समजावून सांगायला आकृती काढावी लागते. रेडिओवर एक घंटा पुरते.

आम्ही काही मित्र तशी घंटा शोधतोय. मूळ कथांचे हक्क कसे मागायचे, याची चौकशी सुरू आहे. तोवर सरावासाठी आमचीच एक छोटी श्रुतिका लिहून झाली आहे : पाच पात्रं, एक यान. ध्वनिमुद्रण रविवारी, उद्यमनगरात. यानाच्या इंजिनासाठी एक लेथ तेवढा चालू ठेवणार आहोत. आवाज चांगला असेल आणि रविवारची दुपार मोकळी असेल, तर या. दोन पात्रांना अजून माणसं मिळायची आहेत.