रथ आणि रस: थाई भाषेच्या उंबरठ्यावर

(वाचनालयातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, बँकॉकहून पहिल्यांदा परत निघालो तेव्हा टॅक्सीवाल्याला मी ऐटीत सांगितलं, "सुवर्णभूमी." विमानतळाचं नाव संस्कृत, म्हणजे उच्चार आपल्यापेक्षा शुद्ध कोण करणार? त्याला ओ की ठो कळलं नाही. सावकाश सांगितलं, मग मोठ्यानं सांगितलं. शेवटी दोन्ही हात पसरून विमान करून दाखवलं, तेव्हा तो हसून म्हणाला, "सुवन्नफूम!"

आज मी जे सांगणार आहे ते सगळं या फजितीत आहे. थाई शिकताना मराठी माणसाला कागदावर जेवढी मदत होते, तेवढीच तोंडात अडचण होते.

आधी कागदाचं बघू. थाई लिपी दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीपासून ख्मेर लिपीच्या वाटेनं तयार झाली. म्हणजे देवनागरीशी तिचं नातं चुलत बहिणीचं. सुखोथाईचा राजा रामखामहेंग याच्या नावाचा १२९२ चा शिलालेख आहे. ही अक्षरं आपण १२८३ मध्ये योजली, असं तो सांगतो. हा लेख १८३३ मध्ये राजपुत्र मोंगकुट यांना सापडला. तो कितपत जुना यावर अभ्यासकांत वाद आहेत, त्यात आज शिरत नाही.

थाई पोरं मुळाक्षरं कशी घोकतात? "को काय, खो खाय." क कोंबडीचा, ख अंड्याचा. पुढे रेडा, घंटा आणि साप. आपल्या "क कमळाचा"चीच पद्धत. क्रमही ओळखीचा: आधी कंठ्य, मग तालव्य, मग मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. एकूण ४४ व्यंजनं. त्यातली दोन आता वापरात नाहीत. १८९२ च्या सुमारास पहिलं थाई टंकलेखन यंत्र आलं, त्यात त्यांना जागा मिळाली नाही, असं सांगतात. एक बाटलीचं अक्षर होतं आणि दुसरं माणसाचं. यंत्रात माणूस मावला नाही, यावर मी काही बोलत नाही! पोरं मात्र अजूनही ४४ घोकतात, जसे आपण "लृ" घोकत आलो.

आता तोंडाची गंमत. ग, ज, द, ब या जागांवर जी अक्षरं बसली आहेत, त्यांचा उच्चार थाईत ख, छ, थ, फ असा होतो. म्हणून गुरू झाला "ख्रू", जन झाला "छोन", भाषा झाली "फासा". राजे भूमिबल यांचं नाव "फूमिफोन", कारण शेवटचा ल थाईत न होतो. याच नियमानं फुटबॉल तिथे "फुतबोन" होतो. उलट पिता या शब्दातला प ब झाला आणि त द झाला: "बिदा". तिथे बाप म्हणजे बिदा! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वहीत पुढे उद्गारचिन्ह काढून ठेवलं होतं.

मग प्रश्न पडतो, ख आणि ग दोन्ही "ख" झाले तर शब्दांची टक्कर होत नाही? होते, आणि ती सुरानं सोडवली आहे. जुन्या ख चं अक्षर घालून "खा" लिहिलं तर सूर खालून वर चढतो, अर्थ पाय. ग च्या जागेचं अक्षर घालून "खा" लिहिलं तर सूर सपाट, अर्थ अडकून राहणं. म्हणजे गेलेला ग पूर्ण गेला नाही, त्याचा सूर झाला. हे आपल्याकडेही घडलं आहे. पंजाबी माणूस "घोडा" म्हणतो तेव्हा क आणि एक वेगळा सूर ऐकू येतो. तेच तिथे अख्ख्या भाषेत झालं.

थाईत पाच सूर: सपाट, खालचा, उतरता, वरचा, चढता. अक्षरावर देण्याच्या खुणा चार. त्यांची नावं ऐका: माय एक, माय थो, माय त्री, माय चत्तवा. एक, द्वि, त्रि, चत्वारि! ओळख पटली म्हणून फार सुखावू नका, कारण सुरासाठी अक्षरांचे गट पाडलेले आहेत आणि एकच खूण वेगवेगळ्या गटाच्या अक्षरावर वेगळा सूर देते. तक्ते पाठ करण्याआधी महिनाभर नुसतं ऐकावं, असं माझं मत आहे. "क्लाय" उतरत्या सुरात म्हणजे जवळ, सपाट सुरात म्हणजे लांब. ज्यानं कोणी हे ठरवलं त्याला रस्ता विचारायची वेळ कधी आली नसावी.

काही गोष्टींत मात्र आपण इंग्रजी बोलणाऱ्यांच्या पुढे आहोत. प आणि फ, त आणि थ हा फरक त्यांना महिनोन्महिने शिकावा लागतो. आपल्याला बाळपणापासून येतो. फक्त प च्या जोडीचा हा फ दोन्ही ओठ मिटून म्हणा. आपला फ हल्ली दातावर ओठ ठेवून निघतो आणि "फूकेत" बिघडतं. हॉटेलातलं "पॅड थाय" खरं "फात थाय" आहे. ङ आपल्या मुळाक्षरांत आहे, पण शब्दाच्या सुरुवातीला आपण कधी म्हणत नाही. साप म्हणजे "ङू". "वाङ्मय" म्हणा, त्यातला "वा" गिळा, उरेल तिथून सुरुवात करा.

लिहिताना शब्दांत जागा सोडत नाहीत. त्यामुळे एकच अक्षरओळ "ता क्लोम" वाचली तर गोल डोळे, "ताक लोम" वाचली तर वारा खाणं. "ए"ची खूण व्यंजनाच्या आधी येते. आपल्या जुन्या पोथ्यांतली पडीमात्रा ज्यांनी पाहिली आहे त्यांना नवल वाटणार नाही.

आणि शुद्धलेखन! रथ आणि रस हे दोन्ही शब्द थाईत "रोत" असेच म्हणतात, सूरही तोच. कान फरक सांगू शकत नाही, कागद सांगतो: एकात थ आहे, दुसऱ्यात स. म्हणून उच्चारात मेलेली अक्षरं ते लेखनात सांभाळतात. रोत म्हणजे आता कुठलीही गाडी, फाय म्हणजे आग, आणि "रोतफाय" म्हणजे अर्थातच आगगाडी.

वारांची नावं बघा. मंगळवार म्हणजे "वान अंगखान", यातला अंगखान म्हणजे अंगार. अंगारकीला गणपतीच्या रांगेत उभं राहणाऱ्यांना हा वार लक्षात ठेवायला कष्ट नाहीत. महिने राशींवरून: ३१ दिवसांच्या नावाला शेवटी "खोम", म्हणजे आगम, ३० दिवसांच्या नावाला "योन", म्हणजे आयन. एप्रिल "मेसायोन". १३ एप्रिलला त्यांचं नववर्ष, "सोंगक्रान". संक्रांतच ती, पण मेष संक्रांत, आणि तिळगुळाऐवजी पाणी. भर उन्हाळ्यात ते बरंही वाटतं.

"सवातदी" हा नमस्कार प्राचीन वाटतो. शब्द स्वस्तीवरून आला, पण अभिवादन म्हणून तो विसाव्या शतकात फ्राया उप्पकित सिलपासान या विद्वानानं रुजवला आणि १९४३ मध्ये सरकारनं अधिकृत केला. पुरुषानं शेवटी "ख्राप" जोडायचं, बाईनं "खा". वयानं मोठ्याला "फी", लहानाला "नोंग". आपलं दादा-ताईच, फक्त तिथे दुकानदारालाही पहिल्या वाक्यापासून. आणि "क्रेंगजाय" म्हणून एक शब्द आहे: समोरच्याला त्रास होईल म्हणून मन मागे घेणं. परदेशी लोक त्यावर पानंच्या पानं लिहितात. मी मराठीत एका शब्दात सांगतो: भीड.

मागच्या बाजूला चहा आला आहे. रांगेत उभं राहिल्यावर शेजारच्याला विचारून बघा: "किन खाव रू यांग?" भात खाल्ला का, म्हणजे जेवलात का. "रू"ला ओठ ई म्हणताना असतात तसे पसरट ठेवा. "खाव" वरून खाली उतरू द्या. सूर सुरुवातीपासूनच खाली राहिला, तर तुम्ही त्याला बातमी खाल्ली का, असं विचारलेलं असेल.