चीक कोणासाठी?

मंडळी, खजिनदार म्हणून मी जमाखर्च मांडायला उभा आहे. पण गेल्या रविवारी घरी एक हिशोब चुकलाय, तो आधी.

गावाबाहेरच्या एका गोठेवाल्याकडून बाटलीभर चीक मिळाला. इंग्लंडात इतकी वर्षं कंडेन्स्ड मिल्कचा खरवस खाऊन मी स्वतःला फसवत होतो. हा अस्सल! गूळ, वेलची, जायफळ घालून शिट्टी न लावता कुकरात उकडला. वडी सुरीखाली थरथरली आणि माझे डोळे भरून आले. आमच्या १६ वर्षांच्या लेकीने बशी खाली ठेवली. "बाबा, गाईला हा कोणासाठी आला होता?"

मी आवाज चढवला. उत्तर नव्हतं ना! सावंतवाडीहून आईचा फोन, "पोरगी वाळेल रे."

माझी नीती वारावर चालते. सोमवारी, गुरुवारी मी साधू, बुधवारी सुरमई. गटारीला झोडायचं, मग महिनाभर श्रावण. देवासाठी सोडलं की कौतुक. वासरासाठी सोडलं की थेरं!

आणि आपलं मंडळ! संक्रांतीच्या जेवणात तिने विचारलं, यात दूध आहे का? काकू म्हणाल्या, "मग कोशिंबीर घे." तिच्यात दही. मागून कुणीतरी म्हणालं, "हिला लॉनवर सोडा." सगळे हसले, मीही हसलो. सगळ्यात जास्त चिडले ते आपले शाकाहारी. वीस वर्षं माझ्या डब्याकडे बघून नाक मुरडलं, आणि पोरीने त्यांचं श्रीखंड माझ्या सुरमईच्या पंगतीला बसवलं. खरं सांगू? मला जरा बरंच वाटलं.

हे भांडण या देशाला नवं नाही. १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि सोबत्यांनी इथल्या शाकाहारी संस्थेच्या मासिकात दूधही न घेणाऱ्यांसाठी थोडी जागा मागितली. मिळाली नाही. मग त्यांनी वेगळी चूल मांडली आणि ‘व्हेजिटेरियन’च्या इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली तीन, शेवटची दोन अक्षरं घेऊन ‘व्हिगन’ शब्द केला. म्हणजे मंडळं फुटतात ती फक्त आपलीच नव्हेत.

तसं सोलकढी, पिठलं-भाकरी, भरली वांगी तिला सगळं चालतं. उकडीचा मोदकसुद्धा, वरचं तूप सोडून. आता तुपाशिवाय मोदक... जाऊ दे.

परवा न राहवून गोठेवाल्याला फोन केला. म्हणाला, वासराला बाटलीने पाजून उरलेलाच तुला दिला. धावत जाऊन लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "बाटलीने का? आई कुठे होती?"

पहिल्या एक-दोन दिवसांतच वेगळं करतात, हे मला माहीत होतं. ती कालवड होती की गोऱ्हा, हे मात्र मी विचारलं नाही. मुद्दामच.

फ्रीजमध्ये चार वड्या अजून आहेत. तिच्यादेखत डबा उघडायला धजत नाही, आणि टाकवतही नाहीत. असो. जमाखर्चाचे कागद मिळाले ना सगळ्यांना?