उदात्त स्वरानं सोडवलेलं कोडं

नमस्कार, श्रोतेहो.

१५८३ साली गोव्यातून एका इंग्रज जेझुइट पाद्र्यानं आपल्या भावाला पत्र लिहिलं. इकडच्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असं त्यात नोंदवलं. हे पाद्री म्हणजे थॉमस स्टीफन्स, पुढे मराठीत ख्रिस्तपुराण रचणारे. त्याच दशकात फ्लॉरेन्सचे व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती गोव्यात होते. सप्त आणि सेत्ते, नव आणि नोव्हे हे संस्कृत आणि इटालियन आकडे जुळतात, हे त्यांनीही घरी कळवलं. पण ही पत्रं छापली जायला शतकं लोटली. या भाषांमधलं नातं शोधल्याचं श्रेय गेलं ते कलकत्त्यातले इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्स यांना.

२ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत जोन्स म्हणाले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, आणि ते मूळ कदाचित आता उरलंही नसेल. म्हणजे संस्कृत या भाषांची बहीण झाली. तिला जगातल्या सगळ्या भाषांची आई म्हणणाऱ्यांनी हे वाक्य जरूर वाचावं.

अर्थात शब्द उसनेही येतात. हिशेब, वकील हे शब्द अरबी, म्हणून मराठी काही अरबीच्या कुळातली होत नाही. नातं सिद्ध करायला नियम लागतो. १८२२ साली जर्मन अभ्यासक याकोब ग्रिम यांनी असे नियम नीट मांडले: संस्कृतात प असेल तिथे जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या, भाषांत फ, त असेल तिथे थ. पाद आणि फूट, त्रि आणि थ्री.

पण एक गाठ सुटेना. भ्राता आणि पिता, दोन्हींत त. गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत मात्र भाऊ ‘ब्रोथर’ आणि वडील ‘फदर’. एकीकडे थ, दुसरीकडे द. असं का?

१८७५ साली डेन्मार्कच्या कार्ल वेर्नर यांना उत्तर सापडलं ते वैदिक स्वरांत, म्हणजे वेदपठणातल्या आवाजाच्या चढउतारांत. ‘भ्राता’मध्ये उदात्त, म्हणजे चढा स्वर, पहिल्या अक्षरावर आहे, ‘पिता’मध्ये शेवटच्या. हा आघात व्यंजनाच्या लगेच आधी आला तर थ टिकला, नाही तर त्याचा द झाला. आघाताची ती जुनी जागा जर्मानिक भाषांतून केव्हाच पुसली गेली होती. आपल्याकडच्या वेदपाठकांनी मात्र शिष्यांकडून एकेक स्वर घोटून घेत ती पिढ्यानपिढ्या तोंडी जपली होती. मला भाषाशास्त्रातला हा सर्वात सुंदर पुरावा वाटतो.

या शोधानं जर्मनीतल्या लाइपझिगच्या तरुण अभ्यासकांना बळ आलं. ध्वनिनियमाला अपवाद नसतो, अपवाद दिसला की त्यामागचा दुसरा नियम शोधायचा, असा आग्रह त्यांनी धरला.