पुण्याचा मध्यान्ह बारा पस्तीसला
(पुण्यातील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, जाहीर केलेला विषय आहे इमारतीच्या ऊर्जा-मॉडेलसाठी, म्हणजे तिला एसी किती लागेल ते काढणाऱ्या संगणकी सिम्युलेशनसाठी, पुण्याचा सौर प्रारणाचा (उन्हाच्या जोराचा) डेटा कुठून मिळवायचा. तिकडे येतोच. आधी एक प्रश्न: पुण्यात मध्यान्ह, म्हणजे सूर्य दिवसातला सर्वांत उंच असण्याची वेळ, किती वाजता होतो? बारा म्हणणाऱ्यांनी हात वर करा. बघा, निम्मं सभागृह! आता मला हे बोलणं भागच आहे.

आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची, पुणे 73.85 वर. अंशाला चार मिनिटं धरली तर सुमारे 35 मिनिटांचा फरक. म्हणजे मध्यान्ह सरासरी 12:35 ला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो 12:18 पर्यंत अलीकडे येतो, फेब्रुवारीच्या मध्याला 12:49 पर्यंत लांबतो. (सूर्य अगदी डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदाच, 14 मे आणि 30 जुलैच्या आसपास. मधल्या काळात दुपारचं ऊन उत्तरेच्या खिडकीवर असतं. उत्तरेला छज्जा नको म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.)

आता माझी खरी तक्रार. उपग्रहांचा डेटा बहुतेकदा जागतिक वेळेत (यूटीसी) येतो आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. तो अर्धा तास तासागणिक ओळींच्या फाईलमध्ये बसत नाही. कुणी पाच ओळी सरकवतं, कुणी सहा. दोन्हीकडे अर्ध्या तासाची चूक राहते. सिम्युलेशन सूर्याची जागा घड्याळावरून काढतं आणि उन्हाचा जोर फाईलमधून घेतं. अर्ध्या तासात सूर्य साडेसात अंश सरकतो. दुपारी त्यानं फार बिघडत नाही. पण फाईल उशिरा सरकलेली असेल, तर सूर्य मावळतीला टेकलेला असताना तिच्यात अर्ध्या तासापूर्वीचा जोर असतो, आणि तो बाणेर-बालेवाडीच्या पश्चिमेकडच्या काचेवर जवळजवळ समोरून पडतो. एसीचं टनेज फुगतं ते इथे. फाईल लवकर सरकलेली असेल तर पूर्वेची खोली फुगते आणि पश्चिमेची कमी दिसते.

युरोपियन आयोगाच्या पीव्हीजीआयएस या संकेतस्थळावरून ईपीडब्ल्यू फाईल (सिम्युलेशनला लागणारी ताशी हवामानाची फाईल) उतरवलीत तर ती कोणत्या वेळेत आहे आणि पहिल्या ओळीत वेळेचा आकडा काय आहे ते आधी बघा. समजा फाईल जागतिक वेळेत आहे आणि आकडा शून्य आहे. तो तसाच ठेवला तर सूर्य बरोबर चालतो, पण नऊला उघडणारं तुमचं ऑफिस आपल्या वेळेनं दुपारी अडीचला उघडतं. आणि आकडे न हलवता नुसतं 5.5 लिहिलं, तर भर दुपारचं ऊन सकाळी सातला पडतं.

तपासायचं कसं? जानेवारीच्या मध्यातला एक निरभ्र दिवस निवडा. ईपीडब्ल्यूत माथ्याच्या आठ ओळी सोडल्या की चौदावा रकाना ग्लोबलचा (आडव्या जमिनीवरचं एकूण ऊन), पंधरावा डायरेक्टचा (थेट सूर्याकडून, किरणांना काटकोनात मोजलेलं), सोळावा डिफ्यूजचा (आकाशातून विखुरलेलं). तास हा संपण्याच्या वेळेनं मोजलेला, म्हणजे तेरावा तास बारा ते एकचा. त्या दिवशी मध्यान्ह 12:44 ला असतो, म्हणून ग्लोबलचा सर्वांत मोठा आकडा तेराव्या तासात, त्याखालोखाल चौदाव्यात, मग बाराव्यात हवा. चौदावा सर्वांत मोठा दिसला तर फाईल उशिरा सरकली आहे. बारावा चौदाव्याच्या वर गेला तर लवकर.

लगेच दुसरी तपासणी करा: डायरेक्टला सूर्याच्या उंचीच्या साइननं गुणून त्यात डिफ्यूज मिळवलं की ग्लोबल यायला हवा. त्या दुपारी सूर्य 50 अंशांवर असतो, त्याचा साइन 0.77. डायरेक्ट 850 आणि डिफ्यूज 90 (वॅट प्रति चौरस मीटर) असेल तर ग्लोबल 745 च्या जवळ हवा. फार फरक निघाला तर तीन रकाने वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेत असं समजा. छज्जा मुख्यतः डायरेक्ट अडवतो, त्यामुळे ही वाटणी चुकली की छज्ज्याचा हिशोबही चुकतो.

आयोजक घड्याळाकडे बोट दाखवताहेत, तेव्हा डेटाच्या ठिकाणांबद्दल भराभर सांगतो.

मोजलेला डेटा हवा तर हवामान खात्याची शिवाजीनगरची वेधशाळा आपल्या दारातच आहे. हवामानशास्त्रज्ञ ॲना मणींनी भारतातल्या किरणमापनाची घडी बसवली, त्यातलं मोठं काम इथलंच. खात्याच्या राष्ट्रीय डेटा केंद्राकडे अर्ज करून आकडे मागवा, पण ताशी नोंदी स्थानिक सौर वेळेत आहेत का ते आधी विचारा. तशा असतील तर तिथला बारा म्हणजे सरासरी आपला बारा पस्तीस.

नासाचं पॉवर हे डेटाचं संकेतस्थळ सोपं आहे, पण त्याच्या प्रारणाची चौकट एक अंशाची, सुमारे 110 किलोमीटरची. एवढ्या चौकटीत घाटमाथ्याचे ढग आणि खराडीचं ऊन एकत्र सरासरीत जातात. पावसाळ्यात तो आकडा पुण्याचा मानू नका.

अमेरिकेच्या एनएसआरडीबी या सौर प्रारणाच्या डेटाबेसमध्ये आपल्या भागाचा 2017 पासूनच्या काही वर्षांचा पंधरा मिनिटांचा डेटा आहे. माझी पहिली पसंती त्यालाच, कारण अर्धा तास नीट सरकवून मग तासाची सरासरी काढता येते. ताशी आकडेच हाती असतील तर शेजारच्या दोन तासांची थेट सरासरी काढून ते सरकवू नका, शिखर बोथट होतं. आधी प्रत्येक आकड्याला त्या वेळच्या वातावरणाबाहेरच्या प्रारणानं भागा, तो भागाकार सरकवा, मग नव्या वेळेच्या वातावरणाबाहेरच्या प्रारणानं गुणा.

फक्त ग्लोबल मिळालं तर पीव्हीलिब या पायथन लायब्ररीतलं अर्ब्स किंवा डिरिंट हे सूत्र वापरून डायरेक्ट-डिफ्यूजची वाटणी करता येते. आणि टिपिकल वर्षाची फाईल महावितरणच्या बिलाशी जुळवत बसू नका. तिच्यात जानेवारी एका वर्षाचा आणि जुलै दुसऱ्याच वर्षाचा असतो. बिल ज्या वर्षाचं, त्याच वर्षाचा डेटा घ्या.