ट्राउट, पिसांची माशी आणि आपली धानाची बांधी

नमस्कार राजेहो! मागे दिसते ती आमच्या गावची बोडी. हिच्यात रोहू आहे, कतला आहे, कडेच्या गवतात मरळ आहे. ट्राउट नाही, आणि होणारही नाही. हे आधीच सांगतो, कारण "आपल्या तलावात ट्राउटचं बीज सोडू का?" असं बरेच जण विचारतात.

ट्राउटला थंड पाणी लागतं. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांवर तो साडेसातवर येतो. पाणी २० अंशांच्या वर गेलं की ट्राउट खाणं कमी करतो, पंचविशीच्या पुढे त्याच्या जिवावर बेततं. आपल्याकडे मे महिन्यात बोडीचं पाणी हाताला कोमट लागतं. तेव्हा कुणी ट्राउटचं बीज विकायला आला, तर एक रुपयाही देऊ नका.

मुळात हा मासा आपल्या देशातलाच नाही. ब्राउन ट्राउट युरोपचा, रेनबो उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडचा. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये आणला, तसाच हिमाचलात आणि निलगिरीतही. थंड पाण्यात रुजला.

आता तो धरतात कसा? आपण गरीला गांडूळ लावतो, वर शिसं बांधतो आणि शिशाच्या वजनाने दोर लांब फेकतो. फ्लाय फिशिंगमध्ये गांडूळ नाही, शिसंही नाही. बारीक गरीवर दोरा गुंडाळून त्यात कोंबड्याच्या मानेची पिसं बांधतात आणि किडा तयार करतात. हीच ती पिसांची माशी, म्हणजे फ्लाय. वजन जवळजवळ शून्य. तो फेकायचा कसा? इथे वजन असतं लाईनमध्येच. लाईन जाड असते, पुढे निमुळती होते, आणि टोकाला मासोळीला दिसू नये असा बारीक तंगूस. ट्राउटसाठी ९ फुटांचा, ५ नंबरचा रॉड सगळीकडे चालतो; हा नंबर लाईनच्या वजनाचा.

रॉड मागे न्या आणि थांबा. हे थांबणंच महत्त्वाचं. लाईन पाठीमागे पूर्ण सरळ झाली की मगच पुढे आणा, आणि पुन्हा झटकन थांबवा. घाई केली की आसुडासारखा फटकारा ऐकू येतो आणि टोकाची माशी तुटून जाते. ताकद लागत नाही. खांदा दुखायला लागला, तर तुमचं थांबणं चुकतंय.

पण मला या प्रकाराचं खरं वेड लागलं ते किड्यांमुळे. वाहत्या नाल्यातला दगड उलटा करून बघा. खाली चपटा, शेपटीला बहुधा तीन केस असलेला किडा चिकटलेला दिसेल. तो मेफ्लायचा बाळकिडा. कित्येक महिने तो पाण्यात काढतो, मग वर येतो, पंख फुटतात, आणि मोठ्या मेफ्लायला खायला तोंडच उरत नाही! जोडी जमवायची, अंडी घालायची, एक-दोन दिवसांत संपला. ट्राउट या सगळ्या अवस्था ओळखतो. पाण्यावर गोल तरंग उठत असतील तर तरंगणारी माशी, नाहीतर बुडणारी. त्याचं बरंचसं खाणं पाण्याखालीच चालतं.

ट्राउट धारेकडे तोंड करून, जोराची धार आणि संथ पाणी जिथे भेटतात तिथे उभा राहतो. म्हणून खालच्या बाजूने, त्याच्या पाठीमागून जा. माशी धारेच्या वेगानेच वाहिली पाहिजे. लाईनने ती जरा ओढली गेली की तो तोंड फिरवतो. तळ्यात धार नसते, तिथे तो हिंडत असतो. नाला येऊन मिळतो त्या तोंडाशी बघा.

गरीचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. सोडायचा मासा ओल्या हातानेच धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि मग बुरशी धरते.

सराव इथेच करायचा. धान कापून झालं की मोकळ्या बांधीत उभे राहा, गरीऐवजी लाल लोकरीचा गोंडा बांधा, आणि समोर एक टोपली ठेवून तिच्यात पाडायचा प्रयत्न करा. वाऱ्यातही करा. पोरांना मात्र पाठीमागे उभं करू नका. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट धरायला बंदी असते, तेव्हा हिवाळाभर हात बसवा आणि मार्च-एप्रिलमध्ये तीर्थन खोऱ्यात जा. त्यानंतर बर्फ वितळून नद्यांना जोर येतो. परवाना तिथल्या मत्स्य विभागाकडून काढायचा, आणि किती मासे ठेवता येतील हे तिथेच विचारून घ्यायचं.